छोटे पास

मास्तर दारात कधी चौकटीला टेकून उभे राहिले नाहीत. उंबऱ्याच्या पुढं येऊन उभे राहायचे, गुडघे जरासे वाकलेले, हात अंगापासून सुटे. येणाऱ्याला आत शिरायची वाट डावीकडून आहे की उजवीकडून, तेच कळायचं नाही. दूधवाला, धोबी, पोस्टमन, सगळे त्या दारात कधी ना कधी अडखळलेले. मग आतून त्यांच्या बायकोचा, चाचींचा, आवाज यायचा, "हटो जी! घर है ये, गोल नहीं है।"

मी भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा माझीही तीच गत झाली. एका हातात ट्रंक, खांद्यावर वळकटी, आणि समोर हा उंच, वाळलेला म्हातारा माझ्या पायांकडं टक लावून बघतोय.

"गोली दारात थांबला की दार मोठं दिसतं," ते म्हणाले. "पुढं आला की बारीक दिसतं. मारणाऱ्याला वाटलं पायजे, जागाच नाय." मग बाजूला सरले. "ये आत. तू मारणारा वाटत नाय."

हे वाक्य मी फार वर्षं कौतुक म्हणून मनात जपलं. आता तसं वाटत नाही.

शहागंजच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. मी वेरूळजवळच्या गावातून आलेला, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नुकताच लागलेला. ते शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. निजामाच्या काळात कुठल्याशा संघाचे गोलकीपर होते, म्हणून गल्लीत त्यांचं नाव गोली मास्तर.

त्यांची मराठी ऐकून मला आधी हसू यायचं. पोलीस ॲक्शननंतर शाळेतली उर्दू गेली, मराठी आली, आणि नोकरी टिकवायला ती शिकणं भाग पडलं. शिकवणारं कोण, तर मैदानावरची पोरं. त्यामुळं साठी उलटलेल्या या माणसाच्या तोंडी सगळे खेळातले शब्द. रेशनच्या रांगेत कुणी घुसलं की म्हणायचे, "ए भाऊ, चीटिंग नाय." चाचींशी वाजलं की माझ्या खोलीच्या दारात येऊन सांगायचे, "आज आमची कट्टी हाये, चहा तू मागून घे." दुखणं आलं की मूठ ओठांना लावून 'टाइमप्लीज' म्हणायचे आणि आडवे व्हायचे.

माझे वडील मी तिथं राहण्यावर नाखूश होते. आमच्या घरात 'पोलीस ॲक्शन' हे शब्द सुटकेचा श्वास टाकत उच्चारले जायचे. आजोबांनी रझाकारांच्या धास्तीनं रानात दिवस काढले होते. मास्तरांच्या घरात तेच शब्द आले की बोलणं तुटायचं आणि चाची उठून चुलीकडं जायच्या. मी दोन्ही घरांत जेवलो. ते शब्द मला आजही कुठल्या आवाजात म्हणावेत ते कळत नाही.

मला दिलेली खोली मास्तरांच्या धाकट्या भावाची होती. त्याला घरात छोटे म्हणत. पहिल्याच दिवशी मास्तरांनी बजावलं, "छोटे आला की खोली सोडावी लागंल हां. आधीच सांगतो. मागून रडीचा डाव नाय."

"कुठं असतात ते?"

"बाहेरच्या मुलकात."

"मग येणार कधी?"

"सामने संपले की."

मला वाटलं, भाऊ मोठा खेळाडू असेल, दौऱ्यावर असेल. मी त्या खोलीत पाहुण्यासारखा वागायला लागलो. भिंतीतल्या खुंटीवर माझा सदरा लावायचो नाही, ट्रंकेवरच ठेवायचो. खाटेच्या एका कडेला निजायचो. कुणी फाटक वाजवलं की वळकटी बांधायला उठायचो. बरेच आठवडे हे असं चाललं. एकदा तांदूळ निवडताना चाचींनी विचारलं, मी ट्रंक अजून उघडून का मांडली नाही. मी सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाशी नेऊन हसल्या.

"अरे बाबा, वो गया सो पोलीस ॲक्शन के बाद गया। तू पैदा भी नै हुआ था।"

हसता हसता त्या थांबल्या, आणि मग सगळं सांगितलं. तेव्हा शहरातली बरीच घरं रिकामी होत होती. मिसरूड फुटलेल्या पोरांच्या आया त्यांना दाराबाहेर सोडत नव्हत्या. छोटे गोली म्हणून मास्तरांपेक्षा सरस होता. मास्तरांनीच त्याला स्टेशनवर नेऊन गाडीत बसवलं. म्हणाले, तू पुढं हो, तिकडं नवी टीम बनेल, तुझ्यासारखा गोली त्यांना मिळायचा नाही, मी मागून येतोच. मास्तर गेले नाहीत. आधी आई अंथरुणाला खिळली, मग शाळेनं कायम केलं, मग जाणं-येणंच बंद झालं. छोटेचं पत्र कधी आलं नाही. कराचीहून नातलगांना भेटायला आलेला एक माणूस फार वर्षांपूर्वी एवढंच बोलला होता, की तिकडं एका धुळीच्या मैदानावर मी एक गोली बघितला, तो तुमच्यासारखा पुढं येऊन उभा राहतो.

त्या दिवशी मी खुंटीला सदरा लावला. सकाळी तो खाली पडलेला दिसला. वाऱ्यानं पडला असेल. मी पुन्हा लावला नाही.

मास्तरांचा रेडिओ कोनाड्यात असायचा. त्याची तार खिडकीतून काढून अंगणातल्या कपड्यांच्या दोरीला बांधलेली. शॉर्टवेव्हवर कुठलंसं परदेशातलं उर्दू केंद्र लागायचं आणि आशियातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेची पात्रता फेरी आली की दुपारी-संध्याकाळी त्या घरात दुसरं काही चालायचं नाही. कोण खेळतंय, कोण जिंकतंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आपला संघ हरला तरी चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. खाडीतले देश, पूर्वेकडचे देश, ज्यांची नावं मला नकाशात सापडली नसती असे देश, सगळे ते सारख्याच मनानं ऐकायचे. आणि पात्रता फेरी संपून मुख्य स्पर्धा सुरू झाली की रेडिओवर कापड टाकून मोकळे.

"खरी मजा तर आता हाये, मास्तर," मी एकदा म्हटलं.

"तिथं पोचलेल्यांना सगळं जग ओळखतं. त्यात हरवलेला माणूस कसा सापडंल? ज्याला कुणी ओळखत नाय तो पात्रता फेरीत असतो."

चाची चिडवायच्या, "पचास के ऊपर का हो गया तुम्हारा गोली। पेट निकला होएंगा, दाँत गिरे होएंगे। कौन लेता टीम में?"

"गोली बुड्ढा नै होता," मास्तर शांतपणे म्हणायचे. "भागने वाले बुड्ढे होते।"

ऐकताना ते खाटेवर बसून चेंडूबरोबर सरकायचे. आवाज चढला की पुढं यायचे, चेंडू लांब गेला की मागं टेकायचे. मधेच त्यांचा उजवा हात वर उठायचा, कुणी हाक मारल्यावर उठतो तसा, आणि हळूच खाली यायचा. तो कधी उठतो हे मी एकदा लक्ष देऊन बघितलं. समालोचक म्हणायचा, "छोटे-छोटे पास देते हुए..." आणि हात उठायचा.

मी चाचींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मालूम है उनकू। पास का बोल रहे, मालूम है। फिर भी हात उठता।"

मग त्यांनी मला एक गोष्ट बजावली. गल्लीतल्या एका टवाळानं पूर्वी एकदा मास्तरांना गंमत म्हणून सांगितलं होतं, की काल रेडिओवर छोटेचं नाव घेतलं, मी कानांनी ऐकलं. मास्तर तसेच चपला घालून निघाले. ते स्टेशनवर सापडले, फलाटाच्या टोकाला, येणाऱ्या प्रत्येक गाडीपुढं हात सुटे करून उभे. हमाल त्यांना रुळांपासून मागं ओढत होते. घरी आणल्यावरही कितीतरी दिवस ते चाचींना ओळखत नव्हते.

"कुछ भी सुना तो उनकू नक्को बोल," चाची म्हणाल्या. "मेरी कसम है तेरेकू।"

मी शपथ घेतली. रेडिओवर काय ऐकू येणार होतं? मला ते म्हाताऱ्या बाईची समजूत काढणं वाटलं.

मग एका उन्हाळ्यात मास्तरांना ताप आला होता. चाची हर्सूलला भाचीच्या घरी गेल्या होत्या, संध्याकाळपर्यंत येणार होत्या. माझी सुटी होती. भर दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही. सामना लागला होता. मास्तरांनी मूठ ओठांना लावली.

"टाइमप्लीज. माझा डोळा लागतोय. तू ऐक. नाव आलं तर सांग."

"सांगतो."

"नक्की?"

"व्हय, मास्तर."

ते भिंतीकडं तोंड करून झोपले. मी रेडिओखाली बसलो. कुठले दोन संघ होते तेही मला आता आठवत नाही. खरखर मोठी होती, समालोचकाचा आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा. छोटे-छोटे पास बरेचदा येऊन गेले. मास्तरांचा हात उठला नाही, म्हणजे झोप लागली असं मी समजलो. कोपऱ्यातून कुणी तरी चेंडू उंच टाकला, लोकांचा गलका वाढला, समालोचक भराभर बोलायला लागला. आणि मग खरखर एकाएकी गेली. इतका स्वच्छ आवाज त्या रेडिओतून मी कधी ऐकला नव्हता. माणसानं खोलीत बसून बोलावं तसं तो म्हणाला,

"गेंद अब छोटे के पास।"

'छोटे पास' नाही. 'छोटे के पास'. मधे 'के' होता. चेंडू आता छोटेकडं आहे.

त्यानंतर तो बोलला नाही. लोकांचा गलकाही थांबला. केंद्र गेलं म्हणावं तर खरखर नव्हती, शिट्टी नव्हती. नुसतं धरून ठेवल्यासारखं काही तरी होतं आणि त्यात, मला नक्की वाटतं, कुणी तरी धाप लागल्यासारखं श्वास घेत होतं. अंगणातली तार हलत नव्हती. माझी पाठ भिंतीला होती, तरी मागं वळून बघावंसं वाटलं. ते किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. मग खरखर परत आली आणि तिच्यातून भलत्याच केंद्राचे बाजारभाव सुरू झाले.

"काय म्हणला?"

मास्तरांनी डोळे उघडले नव्हते. कूसही बदलली नव्हती.

मला चाचींची शपथ आठवली, स्टेशन आठवलं, रूळ आठवले. हे सगळं आठवलं हे खरं आहे. पण त्याआधी माझी खोली आठवली, हेही खरं आहे.

"छोटे पास म्हणला, मास्तर."

"हं," ते म्हणाले. "लई छोटे पास देतात."

त्यानंतर मास्तर बदलले. ताप उतरला, पण रेडिओवर त्यांनी कापड टाकलं ते निघालं नाही. पात्रता फेरी चालू होती तरी नाही. दारात आता ते एका बाजूला उभे राहायचे, येणाऱ्याला वाट देऊन. चाचींच्या हातून पेला निसटला तर पूर्वी ते झडप घालून धरायचे. आता तो त्यांच्या पायाशी पडला आणि गडगडत गेला, ते नुसते बघत राहिले. चाची खूश होत्या. "उतर गया भूत," मला म्हणाल्या. मी जेवता जेवता घास खाली ठेवला. मला वाटलं, या माणसाला उभं ठेवणारी एकच गोष्ट होती आणि ती मी त्याच्याकडून काढून घेतली.

थंडी पडायला लागली तेव्हा मला ते सहन होईना. मास्तर बऱ्याच दिवसांनी म्हणाले, आमखास मैदानावर घेऊन चल. संध्याकाळ होती. एका टोकाला पोरं खेळत होती, दुसऱ्या टोकाचा गोल रिकामा होता. मास्तर त्या रिकाम्या गोलजवळ बसले. मी उभ्या उभ्याच सांगितलं. उन्हाळ्यातली दुपार, स्वच्छ आवाज, मधला 'के'.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. "ठाऊक हाये," म्हणाले. "जागा होतो मी."

"मग मला विचारलं कशाला?"

"ताप होता ना. तापात कायबी ऐकू येतं. तू बी ऐकलं का, ते बघायचं होतं." ते माझ्या पायांकडं बघत होते, पहिल्या दिवशी बघितलं होतं तसं. "खरंच छोटे पास म्हणला असता तर तू पटकन सांगितलं असतं. तू थांबला. मग खोटं बोलला. तवाच समजलं, आलं नाव."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "मला वाटलं, तुमची आशा गेली. रेडिओ बंद केलात."

"आता काय ऐकायचं? चेंडू त्याच्याकडं हाये." त्यांनी दोन्ही हात छातीशी घेतले, मधे काही असल्यासारखे. "पण गोलीला चेंडू लई वेळ धरता येत नाय, सोडावा लागतो. नाय तर फाउल देतात. त्यानं उन्हाळ्यापासून धरलाय. शिट्टी वाजली नाय, सामना पुढं सरकला नाय. सगळे थांबलेत."

"कशासाठी?"

"कुणाला देऊ म्हणून बघतोय. मी मागून येतो म्हणलो होतो ना. मी दिसत नाय त्याला."

त्या टोकाची पोरं घरी निघाली होती. मैदानावर कुणी नव्हतं. मास्तर उठले, रिकाम्या गोलपासून बरेच पुढं चालत गेले आणि पाठ माझ्याकडं करून, एक हात वर करून उभे राहिले. पास मागताना करतात तसा. हाक मारायचं माझं धाडस झालं नाही. अंधार पडायला लागला तेव्हा ते आपणहून परत आले आणि म्हणाले, "चल. इथून लांब पडतं."

ते त्याच थंडीत गेले. फार आजारी नव्हते. सकाळी चाची उठवायला गेल्या तर उठले नाहीत. मी फाटकाशी उभा होतो. मय्यतीला अंघोळ घालणारे बाहेर आले तेव्हा त्यांच्यातला एक जण दबक्या आवाजात दुसऱ्याला सांगत होता, हात काही केल्या सरळ होत नव्हते. तळवे वर, बोटं पसरलेली. शेवटी तसेच कफनात घेतले.

चाची इद्दतीत बसल्या. त्या काळात विधवा परक्या पुरुषासमोर येत नाही, म्हणून आतल्या दाराला पडदा लावला होता. मी कामावरून आलो की पडद्याबाहेर बसून बाजारातून काय आणायचं ते विचारायचो आणि त्या आतून सांगायच्या. एवढ्या वर्षांत ज्यांच्या हातचं जेवलो, त्यांचा आता नुसता आवाज उरला होता.

एक दिवस बाजाराचं बोलून झालं तरी त्या थांबल्या होत्या. मग विचारलं, "वो गरमी के दिनों में, मैं हर्सूल गई थी। उस दिन कुछ सुना था क्या तू?"

मी बाजाराच्या पिशवीची घडी घालायला लागलो.

"मरने के पहले बोले मेरेकू। बोले, छोटे मिल गया, पूछ उस लड़के को। मैं समझी, बुखार का बोल रहे।"

"हौ, चाची," मी म्हटलं. "ऐकलं होतं." आणि लगेच, बचाव करावा तसं म्हणालो, "तुमचीच शपथ होती. तुम्हीच सांगू नको म्हणाला होतात."



"उनकू नक्को बोल, बोली थी मैं," चाची म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मेरेकू नक्को बोल, किसने बोला था?"

मी लाज, दया, शपथ, खोली, सगळ्यांचा विचार केला होता. मैदानावर जाऊन मास्तरांपुढं रडून मोकळा झालो होतो. पण त्या घरात आणखी कुणी वाट बघत असेल, हे माझ्या मनाला शिवलंही नव्हतं. त्या चिडवायच्या, पोट सुटलं असेल म्हणायच्या, म्हणून मी समजलो की त्यांचं संपलंय.

"मैं शादी होके आई तब वो इत्तासा था," आतून आवाज आला. किती, ते दाखवायला हात उचलला असेल. मला दिसला नाही. "माँ तो बीमारच रहती थी। खाना मैं खिलाती थी उसकू। बाल मैं बनाती थी। स्टेशन पे मेरेकू लेके नै गए। औरतें नक्को, बोले। मैं दरवाजे तक गई बस।"

"चाची..."

"बोल अब। शुरू से बोल। ठैर-ठैर के बोल, मेरेकू कम सुनाई देता।"

मी सांगितलं. खरखर, कोपऱ्यातून आलेला चेंडू, गलका, आणि मग तो एकाएकी स्वच्छ झालेला आवाज. 'गेंद अब छोटे के पास.' पुढची शांतता, तो श्वासही सांगितला.

"फिर से," चाची म्हणाल्या.

"सगळं?"

"नै। वो एकच बात।"

"गेंद अब छोटे के पास."

"फिर से।"

मी पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि त्यानंतर इद्दत संपेपर्यंत जवळजवळ रोज, बाजाराचं बोलून झालं की आतून तो शब्द यायचा आणि मी पडद्याकडं तोंड करून ते वाक्य म्हणायचो. आधी माझ्या गावच्या उच्चारात म्हणायचो. मग कधी तरी माझ्या लक्षात आलं की तोंडातून आवाज निघतोय तो माझा नाही. तो स्वच्छ आहे, घाईचा आहे, आणि 'पास'नंतर पुढं काही बोलत नाही.